हेन्‍री ब्लेकचा मृत्यु आणि प्रेक्षकांचा राग

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें एका नाटककाराची हकीकत लिहून ठेविली आहे. ख्रिस्तपूर्व ४९४ मध्यें इराणी सैन्यानें मिलेटस शहराचा विध्वंस केला. पुढें फ्रिनिकस नांवाच्या अथेन्सच्या कवीनें त्या विध्वंसावर नाटक रचून रंगभूमीवर आणिलें, आणि सारें प्रेक्षागृह रडलें. रडून झाल्यावर त्याच अथेन्सवासीयांनीं नाटककारास एक हजार ड्राख्मांचा दंड केला व तें नाटक पुन्हां कोणींहि करूं नये असा हुकूम काढला. आमच्या घरच्या दुःखाची यानें आम्हांस आठवण करून दिली, हा त्याचा अपराध. नाटक आज उपलब्ध नाहीं. दंडाची हकीकत तेवढी शिल्लक आहे. ती वाचतांना आपण सहजच नाटककाराचा पक्ष घेतों. मीहि पुष्कळ वर्षें घेत आलों. अलीकडे मात्र माझें मन थोडें डळमळलें आहे, आणि त्याला कारण झाला तो एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग.

दूरचित्रवाणीवरच्या मालिकेचा विचार वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. त्यांना माझें उत्तर एवढेंच कीं, जेथें लक्षावधि माणसें एका रात्रीं एकाच कल्पित माणसासाठीं रडतात, तेथें साहित्यशास्त्रानें पाठ फिरवून बसणें बरें नव्हे. भरताचा प्रेक्षकहि कांहीं ग्रंथालयांत बसलेला नव्हता.

'मॅश' ही मालिका १९७२ पासून १९८३ पर्यंत अमेरिकेंत चालली. कोरियाचें युद्ध झालें तीन वर्षें. त्या युद्धावरची मालिका चालली अकरा. रिचर्ड हूकर या टोपणनांवानें एका शस्त्रवैद्यानें १९६८ मध्यें लिहिलेली कादंबरी आणि तिच्यावरून १९७० मध्यें रॉबर्ट ऑल्टमननें काढलेला चित्रपट हा तिचा मूळ आधार. आघाडीपासून थोड्या अंतरावर तंबूंचें एक लष्करी रुग्णालय. तेथें हेलिकॉप्टरमधून सारखे जखमी सैनिक येत आहेत, आणि त्यांना शिवून, सांधून परत पाठविणारे डॉक्टर वेड लागूं नये म्हणून रात्रंदिवस थट्टामस्करी करीत आहेत. असें तिचें स्वरूप. (आपल्या वाचकास ही भूमि अगदींच परकी नाहीं. आपल्या सैन्याचें ६० वें पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हें वैद्यकीय पथक १९५० मध्यें त्याच युद्धांत गेलें होतें.) या रुग्णालयाचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेन्‍री ब्लेक. पदानें मोठा, परंतु अधिकार गाजविण्याची कला न साधलेला, माशांच्या गळाची टोपी घालून वावरणारा, विसराळू आणि मनाचा अत्यंत चांगला असा गृहस्थ. त्याचीं कागदपत्रें त्याचा कारकून रडार हाच बघतो, आणि हेन्‍री काय बोलणार तें हेन्‍रीच्या आधीं रडारला कळतें. अशीं माणसें प्रत्येक कचेरींत असतात, आणि तीं गेल्यावर कचेरी उघडी पडते.

ता. १८ मार्च १९७५ रोजीं या मालिकेचा बहात्तरावा भाग प्रक्षेपित झाला. एव्हरेट ग्रीनबॉम व जिम फ्रिट्झेल यांनीं तो लिहिला होता आणि लॅरी गेलबार्टनें दिग्दर्शित केला होता. त्याचें नांव 'ॲबिसिनिया, हेन्‍री'. इंग्रजी बोलींत निरोपाचे 'पुन्हां भेटूं' या अर्थाचे शब्द घाईनें उच्चारले कीं ते त्या देशाच्या नांवासारखे ऐकूं येतात; त्यावरची ही कोटी. हेन्‍रीची नोकरीची मुदत पुरी झाली आहे आणि तो इलिनॉय प्रांतांतल्या ब्लूमिंग्टन गांवीं, आपल्या बायकामुलांकडे, परत निघाला आहे. निरोपाची रात्र मद्यांत आणि आठवणींत जाते. दुसऱ्या दिवशीं लष्करी गणवेश टाकून तो भडक नागरी पोषाखांत बाहेर येतो, सर्वांचा निरोप घेतो, हेलिकॉप्टरकडे जातांजातां परत फिरून रडारला पोटाशीं धरतो आणि जातो. येथपर्यंत पाहणारास वाटतें कीं मालिकेंतून एक नट निघून गेला, आणि त्याची पाठवणी मोठी गोड झाली. हेन्‍रीचें काम करणारा मॅक्लीन स्टीव्हन्सन हा मालिका सोडणार हें पुष्कळांस ठाऊक होतेंच.

मग दृश्य बदलतें. शस्त्रक्रियागृहांत काम चालू आहे. रडार आंत येतो. तोंडाला पट्टी नाहीं म्हणून कोणीतरी त्याच्यावर ओरडतो. हातांतला कागद तो वाचून दाखवितो : हेन्‍री ब्लेकचें विमान जपानच्या समुद्रावर शत्रूनें पाडलें; कोणीहि वांचलें नाहीं. छायायंत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जातें. पट्ट्यांच्या वरचे डोळे तेवढे दिसतात. कोणी थांबत नाहीं, कारण प्रत्येकाच्या हाताखालीं कोणाचें तरी पोट उघडें आहे.

यावर प्रेक्षकांचीं हजारावर पत्रें आलीं. गेलबार्ट आणि निर्माता जीन रेनॉल्ड्स यांनीं त्यांतल्या अनेकांस स्वतःच्या हातानें उत्तरें लिहिलीं. पत्रांत स्तुति होती, परंतु राग पुष्कळ होता. आम्ही हसावयास बसलों होतों, तुम्हीं आम्हांला फसविलें. घरांत मुलें होतीं, त्यांची समजूत आतां कशी घालावी. तो घरीं पोचला असता तर तुमचें काय बिघडलें असतें? तक्रारींचा सूर एकंदरीनें हा. यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी पुन्हां येईन. कर्त्यांचें उत्तर असें कीं, कित्येक हेन्‍री ब्लेक खरोखरच आपल्या गांवीं परत पोचले नाहींत. मग आमच्याच हेन्‍रीनें सुखरूप जाऊन आपल्या क्लबांत बसावें, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटलें नाहीं.

उत्तर सज्जनपणाचें आहे, परंतु तें टीकाशास्त्राचें उत्तर नव्हे. 'आयुष्यांत असें घडतें' हें समर्थन कोणत्याहि वाईट कादंबरीच्या बचावासाठीं पुढें करतां येतें. आयुष्यांत पायरीवरून घसरूनहि माणसें मरतात. म्हणून नायकाला पाचव्या अंकांत पायरीवरून घसरविणाऱ्या नाटककारास आपण डोक्यावर घेत नाहीं. ॲरिस्टॉटलनें घटनेला संभाव्यतेचें किंवा अपरिहार्यतेचें बंधन घातलें तें याचसाठीं. तेव्हां हेन्‍रीच्या मृत्यूचा कैवार घ्यावयाचा असेल तर तो कोरियाच्या इतिहासावरून नव्हे, मालिकेच्या अंतरंगावरूनच घेतला पाहिजे.

आणि अंतरंगाचा पुरावा माझ्या मतें निःसंशय कर्त्यांच्या बाजूचा आहे. या मालिकेंत विनोदी वाक्यांमागें ध्वनिमुद्रित हास्य घातलेलें असे. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचा तसा आग्रहच होता. परंतु शस्त्रक्रियागृहांतील दृश्यांत तें हास्य घालावयाचें नाहीं, एवढी सवलत कर्त्यांनीं मिळविली होती. याचा अर्थ असा कीं, तंबूंत, भोजनगृहांत, हेन्‍रीच्या कचेरींत प्रेक्षकाला हसण्याची मुभा होती. त्या एका खोलींत कोणी त्याच्यासाठीं हसत नव्हतें. तीन वर्षें दर आठवड्यास हा उंबरठा त्याला दाखविलेला होता, आणि मृत्यूची बातमी त्या उंबरठ्याच्या आंत आली. भोजनगृहांत आली असती तर मात्र मी रागावलेल्या प्रेक्षकांच्या पक्षाला गेलों असतों.

दुसरा पुरावा याहूनहि बोलका. जानेवारी १९७३ मधल्या एका भागांत मुख्य पात्र जो डॉक्टर हॉकाय, त्याचा एक जुना मित्र त्याच्याच टेबलावर मरतो. हॉकायला रडूं कोसळतें. त्या वेळीं त्याची समजूत घालतो तो हेन्‍री. युद्धाचा पहिला नियम असा कीं तरुण माणसें मरतात आणि दुसरा असा कीं डॉक्टरांना पहिला नियम बदलतां येत नाहीं, अशा अर्थाचें तो कांहींसें अवघडून बोलतो. शिकवणुकींत कोणींतरी सांगितलेलें आठवून सांगावें तसें. दोन वर्षांनीं तोच नियम त्याच्यावर लागू झाला. ही पेरणी लेखकांनीं जाणूनबुजून केली होती असें मी म्हणत नाहीं, बहुधा नसावीच. परंतु कलाकृतीच्या पोटांत ती आहे, आणि टीकाकाराला तेवढें पुरे.

तर मग फसवणूक नव्हती. तरीहि राग खरा होता, आणि मूर्खाचाहि नव्हता. हें कसें?

आपल्याकडच्या एका नाटकाशीं ताडून पाहूं. 'एकच प्याला'मध्यें सिंधूच्या मरणानें महाराष्ट्र किती रडला हें सांगावयास नको. बालगंधर्वांची सिंधु पाहून आलेली माणसें आमच्या लहानपणीं म्हातारपणांतहि त्या आठवणीनें डोळे पुसत. परंतु सिंधूला मारल्याबद्दल गडकऱ्यांवर त्यांच्यांपैकीं कोणी रागावलेला मीं पाहिला नाहीं. कारण सिंधूचें मरण पहिल्या प्याल्यापासून चालत येत असतें. प्रेक्षक त्याच्याबरोबर पायरी पायरीनें खालीं उतरतो, आणि पडदा पडतांना त्याच्या डोळ्यांत पाणी असलें तरी मनांत एक प्रकारची तृप्ति असते. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची जी कल्पना मांडली, ती या तृप्तीचें चांगलें वर्णन करते : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, आणि तरीहि आपण आपणच आहोंत ही जाणीव त्याला सुटत नाहीं. हा विकल्प म्हणजे जिन्याचा कठडा आहे. तो हातीं आहे म्हणून आपण दुःखाच्या तळघरांत हौसेनें उतरतों.

हेन्‍री ब्लेकच्या बाबतींत हा कठडाच कोणीतरी काढून घेतला. रंगभूमीवरचें पात्र आपणास तीन तास भेटतें आणि त्याला भेटण्यासाठीं आपण कपडे करून घराबाहेर पडतों. मालिकेंतलें पात्र आपल्या घरीं येतें. जेवणाच्या ताटावर, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारीं, मुलांच्या भांडणांत, तीन वर्षें येतें. त्याच्याशीं आपलें नातें साधारणीकरणाचें राहत नाहीं, शेजाऱ्याचें होतें. अभिनवगुप्तानें रसप्रतीतीचीं जीं विघ्नें मोजलीं आहेत, त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हें एक आहे. म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांत बुडून गेलेला असणें. प्राचीनांनीं त्यावर नृत्य, गायन, रंगमंडपाची शोभा असे उपाय योजले : घरचें ओझें दारांत उतरवून मग प्रेक्षकानें आंत यावें. पण ज्या कलेचें नाट्यगृहच मुळीं घर आहे, तिनें हें ओझें कोठें उतरवून घ्यावें? त्या रात्रीं प्रेक्षकांना जो आला तो करुण रस नव्हता. तो शोक होता, ओळखीचा माणूस गेल्याचा साधा, अपक्व शोक. आणि शोकाला राग लागूनच असतो. ज्याचा माणूस जातो तो डॉक्टरवर, दैवावर, बातमी आणणारावर चिडतो. येथें बातमी आणणारा म्हणजे लेखक.

म्हणून तीं हजार पत्रें मी अरसिकतेचा पुरावा मानीत नाहीं. डॉ. जॉन्सनसारख्या कणखर माणसानें १७६५ मध्यें कबूल केलें आहे कीं, कॉर्डेलियाच्या मृत्यूचा आपल्याला इतका धक्का बसला होता कीं, संपादनासाठीं भाग पडेपर्यंत 'लिअर'चे शेवटचे प्रवेश पुन्हां वाचण्याचें धैर्य आपल्याला झालें नाहीं. त्याच्या आधीं १६८१ मध्यें नेहम टेटनें कॉर्डेलियाला जिवंत ठेवून नाटकाचा शेवट गोड करून टाकला होता, आणि सुमारें दीडशें वर्षें इंग्रज प्रेक्षक तो गोड शेवटच पाहत होता. तो घरीं पोचला असता तर तुमचें काय बिघडलें असतें, हा प्रश्न अडीच शतकांपूर्वीं शेक्सपिअरलाहि विचारून झाला आहे. कॉर्डेलियाहि कांहीं अपरिहार्यपणें मरत नाहीं. सुटकेचा निरोप उशीरा पोचतो म्हणून मरते.

मात्र एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. हा भाग दाखविला गेल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनीं, ता. ४ एप्रिल १९७५ रोजीं, सायगांवहून अनाथ व्हिएतनामी मुलांना घेऊन निघालेलें एक प्रचंड अमेरिकन लष्करी विमान कोसळलें. शंभराहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत मुलें बहुसंख्य होतीं. त्याच महिन्याच्या अखेरीस तें युद्धहि संपलें. कल्पित विमानांत एक ओळखीचा माणूस होता; खऱ्या विमानांतल्या मुलांचीं नांवें त्या प्रेक्षकांतल्या कोणाला ठाऊक होतीं? हें मी त्यांना हिणविण्यासाठीं लिहीत नाहीं. वर्तमानपत्रांतला आंकडा वाचून आपण चहाचा घोट घेतों, ही आपली सर्वांचीच स्थिति आहे. मालिकेनें त्या आंकड्यांतल्या एकाला तीन वर्षें नांव, टोपी आणि विसराळूपणा दिला, एवढाच फरक.

येथपर्यंतचा विचार मीं टेबलाशीं बसून केला असता. पुढचा मला एका विद्यार्थिनीनें शिकविला.

ॲरिस्टॉटलचा शोकात्मिकाविचार शिकवीत असतां मीं हा भाग द्वितीय वर्षाच्या वर्गास दाखविला. जुन्या अमेरिकन विनोदाला मुलें हसतील कीं नाहीं याची मला धास्ती होती, हसलीं. शेवटच्या दृश्यानंतर मागच्या बांकावरचा एक मुलगा जवळजवळ ओरडलाच, "सर, हें शेवटीं घालायची काय गरज होती?" पन्नास वर्षांपूर्वींच्या पत्रांतला राग, शब्द बदलून, माझ्या वर्गांत बसला होता. दुसऱ्या एकानें विचारलें, "बातमी ऐकूनहि ते डॉक्टर थांबले कसे नाहींत? एकानें तरी हात थांबवायला पाहिजे होता." हें त्याला खोटें वाटत होतें. मीं नेहमींप्रमाणें कर्तव्य, संयम वगैरे शब्द वापरून कांहीं उत्तर दिलें. तें माझें मलाच पटलें नाहीं.

तास संपल्यावर एक मुलगी मागें थांबली. वर्गांत कधीं न बोलणारी. ती म्हणाली, "सर, वडील गेल्याचा फोन आला तेव्हां मी वसतिगृहांत तुमच्याच ट्यूटोरियलचें उत्तर लिहीत होतें. रेक्टर मॅडमनीं येऊन सांगितलें. मीं आधीं तें वाक्य पुरें केलें. मग उठलें. मला वाटे, माझ्यांत कांहीं कमी आहे. कोणाला सांगितलें नव्हतें." मीं तिला बसावयास सांगितलें. ती बसली नाहीं. तिचें तें ट्यूटोरियल मीं तपासलें असलें पाहिजे. त्यांतलें तें वाक्य कोणतें हें मला आतां कधींच कळणार नाहीं. कदाचित् मीं त्याच्याखालीं तांबडी रेघहि ओढली असेल.

त्या दिवसापासून मी तें दृश्य निराळें पाहूं लागलों आहें. टीकाकारानें, आणि बहुतेक प्रेक्षकांनींहि, लक्ष दिलें तें रडारच्या कागदाकडे, म्हणजे मृत्यूकडे. रस मात्र तेथें नाहींच. तो हातांत आहे. मृत्यूची बातमी ही घटना आहे आणि ती कोणासहि सांगतां येते; बातमी ऐकूनहि टांका पुरा करणारे हात हा अनुभाव आहे, आणि असा अनुभाव मला फार थोड्या नाटकांत आढळला आहे. रंगभूमीवरचा शोक बहुधा हातांतलें काम टाकून सुरू होतो : पात्र कोसळतें, पदर डोळ्यांना लावतें, मंचकाचा आधार घेतें. आपल्या नटांनाच काय, आपल्यालाहि वाटतें कीं खरें दुःख तेंच. ती मुलगी एवढ्यासाठीं स्वतःला अपराधी समजत होती कीं तिच्या दुःखानें नाटकांतल्या दुःखाचा अभिनय केला नाहीं. तिला तिच्या ओळखीचें दुःख प्रथम दाखविलें तें त्या तंबूंतल्या पट्टी बांधलेल्या डॉक्टरांनीं. पहिल्या रात्रीं ज्यांना नुसता शोक झाला, त्यांना करुण रस कदाचित् अशा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्शनांत लाभत असेल. मृत्यु आतां ठाऊक असतो, कठडा पुन्हां हातीं लागलेला असतो, आणि डोळे हातांकडे वळतात.

या दृश्याच्या चित्रणाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. शेवटचें पान बहुतेक नटांपासून ऐन वेळेपर्यंत लपवून ठेविलें होतें. चित्रण चालू असतां, बातमीनंतरच्या शांततेंत, कोणाच्या तरी हातून एक उपकरण खालीं पडलें. तें कोणीं योजिलें नव्हतें. दिग्दर्शकानें तें तसेंच ठेविलें. म्हणजे त्या विद्यार्थ्याला हवा होता तसा एक हात क्षणभर खरोखरच चुकला होता; फक्त तो कोणाचा, हें पडद्यावर दिसत नाहीं. धातूचा तेवढा आवाज होतो आणि काम पुढें चालतें.

दिग्दर्शकाच्या या धैर्याची मी जितकी तारीफ करतों, तितकाच त्याच्या पुढच्या माघारीबद्दल मला खेद होतो. शस्त्रक्रियागृहाचें दृश्य संपल्यावर हेन्‍री ब्लेकच्या जुन्या प्रसंगांतलीं हसरीं चित्रें एकामागून एक दाखविलीं आहेत. जणुं नाट्यगृहाच्या दाराशीं उभें राहून कर्ते प्रत्येक प्रेक्षकाला पानसुपारी देत आहेत. नटाला निरोप म्हणून तें शोभतें. पात्राला नाहीं. ज्याला आपण पुन्हां भेटणार नाहीं असें नुकतेंच सांगितलें, त्याला लगेच पुन्हां भेटविणें म्हणजे उपकरणाचा तो आवाज पुसून टाकणें होय. राग येणार हें कर्त्यांना आधींच ठाऊक असावें, आणि फ्रिनिकसला नंतर भरावा लागलेला दंड त्यांनीं येथें आगाऊ भरून ठेविला असावा.

वर्गांत आतां मी चित्रफीत त्या आवाजानंतर थोड्या वेळानें बंद करतों. दर वर्षीं कोणीतरी पडद्यावरची रेघ पाहून म्हणतोच, "सर, अजून थोडें राहिलें आहे." मग मी तेंहि दाखवितों. मुलें पुन्हां हसतात, आणि कांहीं जण हसतां हसतां नाक पुसतात.